थोरलीला काय सांगायचं?

गेल्या आठवड्यात वॉर्डाबाहेर तुम्ही मला हळूच विचारलंत, "धाकट्याला कॅन्सर झालाय हे थोरलीला सांगायचं का? लहान आहे हो ती, तिला काय कळतंय." तुमच्याआधीही कितीतरी आईवडिलांनी हे विचारलंय. मलाच विचारतात, कारण त्या गोष्टीतली थोरली मी आहे. मी नऊ वर्षांची आणि भाऊ चार वर्षांचा असताना त्याला एएलएल झाला. लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर तोच, रक्ताचा. तुम्हाला आत बोलावलं म्हणून तेव्हा मी नुसतं "सांगा" म्हणून मोकळी झाले. आता नीट सांगते.

मी त्याला ढकललं होतं. खेळणं कोणाचं यावरून भांडण, आणि तो पलंगाच्या कडेवर आपटला. दोन दिवसांनी मांडीवर जांभळा डाग दिसला. मग दंडावर, मग पाठीवर. आंघोळ घालताना आई म्हणाली, "अरे, हे कुठे लागलं?" त्याने माझ्याकडे बघितलं. मी दप्तर भरायला लागले. त्याच आठवड्यात त्याला अॅडमिट केलं आणि घरातली माणसं दार लोटून बोलायला लागली. मला एवढंच सांगितलं, "त्याला बरं नाहीये, तू आता शहाण्यासारखी वाग." मी शहाण्यासारखी वागले नव्हते, म्हणून हे झालं. माझा हिशोब तिथल्या तिथे जुळला.

डाग प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, कमी झाल्याचे होते. बोन मॅरोमध्ये, म्हणजे हाडांच्या आत जिथे रक्त तयार होतं तिथे, बिघडलेल्या पेशींची गर्दी झाली की प्लेटलेट्स पुरेशा तयार होत नाहीत आणि काही लागलेलं नसतानाही काळंनिळं पडतं. नऊ वर्षांच्या पोरीला यात न कळण्यासारखं काय आहे? मला ते कळलं तेव्हा मी सतरा वर्षांची होते, आणि सांगितलं ते जीवशास्त्राच्या पुस्तकाने.

मधल्या काळात कांजिण्यांचं प्रकरण झालं. माझ्या वर्गातल्या एका मुलाला कांजिण्या आल्या. केमो चालू असलेल्या मुलाला त्या जिवावर बेतू शकतात, आणि संसर्ग झाल्यावर पुरळ उठायला १० ते २१ दिवस लागतात. पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीच तो पसरायला लागतो. म्हणून मला तीन आठवडे मावशीकडे पाठवलं. निर्णय अगदी बरोबर होता, आज मीही तोच घेईन. फक्त तो मला कोणी सांगितला नाही. बाबांनी बॅग भरली. आई खाली आलीच नाही, खिडकीतून हात केला. मी धरून चालले, ढकलल्याचं कळलं वाटतं यांना. पाचव्या दिवशी मी मावशीला म्हणाले, "मी मुद्दाम नाही ढकललं." "कोणाला गं?" तिने विचारलं, आणि तेवढ्यात फोन वाजला. परत तिने विचारलं नाही. मीही नाही काढलं.

तेव्हा सांगा. आजाराचं नाव घेऊन सांगा, कारण "बरं नाहीये" म्हटलं की पुढच्या वेळी तिलाच सर्दी झाली तरी ती घाबरेल. हा कोणाच्या चुकीने होत नाही आणि एकमेकांना लागत नाही, हे तिने विचारलं नाही तरी सांगा. ती विचारणारच नाही. मी कुठे विचारलं?

आणि एकदा सांगून भागत नाही. एएलएलचे उपचार २ ते ३ वर्षं चालतात, तेवढ्यात ती नवाची बारा होते आणि तिचे प्रश्नही बदलतात. आमच्याकडे रोज फोनवर "काउंट पडले" चालायचं. म्हणजे रक्तातल्या पेशी कमी झाल्या. मला वाटायचं, काहीतरी हातातून पडतंय आणि कोणी उचलत कसं नाही. स्टेरॉइडच्या दिवसांत भाऊ माझ्यावर वस्तू फेकायचा. "जाऊ दे, आजारी आहे तो," हे मी इतक्यांदा ऐकलं, की रागावणंसुद्धा पाप वाटायला लागलं. हे औषधामुळे होतंय आणि तुला राग आला तर येऊ दे, एवढं म्हणा. शेजारीपाजारी भेटले की "भाऊ कसा आहे?" एवढंच विचारतात. एखाद्याने "तू कशी आहेस?" म्हटलं, तर ती काय उत्तर देते ते लांबून ऐका.

मी हे माझ्या एकटीच्या अनुभवावरून सांगत नाही. कॅन्सर झालेल्या मुलांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या मानसिक आधारासाठी २०१५ साली तज्ज्ञांनी १५ निकष प्रसिद्ध केले, त्यातला एक भावंडांसाठीच आहे. सोशल वर्करला किंवा समुपदेशकाला थोरलीबद्दल विचारायला म्हणूनच संकोचू नका. त्यांच्या कामातच ते येतं.

भाऊ बरा झाला. मोठेपणी एकदा मी त्याला ढकलल्याचं सांगितलं, तर त्याला ते आठवतच नव्हतं. त्याला आठवत होतं ते खेळणं. अजून म्हणतो, ते माझंच होतं.

आणि तुम्ही म्हणालात ना, तिला काय कळतंय? तुम्ही माझ्याशी बोलत होतात तेव्हा तुमची मुलगी मागे बाकावर बसून दारावरची पाटी वाचत होती. एकेक अक्षर, ओठ हलवत.