पुन्हा कौलंच घातली, पण खाली पत्रा टाकून

3 जून 2020 च्या दुपारी निसर्ग वादळ आमच्या श्रीवर्धन तालुक्यावरून गेलं, तेव्हा आम्ही घरातली पाच माणसं माजघरातल्या लाकडी पलंगाखाली आणि शेजारी अंग चोरून बसलो होतो. आधी पडवीचे पत्रे गेले. एक मोठा कडकडाट झाला आणि अंगणाकडून एकदम उजेड आत आला. पडवीचे वासे घराच्या वाशांना खिळलेले होते, त्यामुळे जाताना तिने मुख्य छपराचा कडेचा भाग उपटून नेला. तिथून वारा आत शिरला आणि कौलं पत्त्यांसारखी उडायला लागली. तासाभरात अर्धं छप्पर आगरात पडलं होतं, मोडलेल्या पोफळींवर.

तो पावसाळा ताडपत्रीखाली काढला. टाळेबंदी होती, त्यात सगळ्या पट्ट्यातली घरं एकाच दिवशी उघडी पडलेली. पत्रा मिळेना, सुतार मिळेना, वीज तर कितीतरी दिवस नव्हती. पाऊस सरल्यावर हाताला लागले ते सिमेंटचे पत्रे तात्पुरते टाकले.

ते पुढच्या उन्हाळ्यात कळले. एप्रिलमध्ये दुपारी दोननंतर माजघरात बसवेना. माळ्यावर चढून पत्र्याला खालून हात लावला तर तवाच. कौलांच्या घरात फटींतून गरम हवा वर निघून जाते, इथे ती जागच्या जागी कोंडत होती. सासूबाईंचं वय 78. रात्रीही त्यांना डोळा लागेना. "या घरात मी 50 उन्हाळे काढलेत, असं कधी शिजले नव्हते," त्या म्हणाल्या. त्यातच मे महिन्यात तौक्ते आलं. ते समुद्रातून गुजरातकडे गेलं, आमच्याकडे त्याचा फक्त वारा लागला, तरी रात्रभर प्रत्येक आवाजाला मी उठून बसत होते. या दिवाळीनंतर छप्पर कायमचं करायचंच, असं तेव्हा ठरलं.

सल्ले भरपूर मिळाले. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, स्लॅब टाका, कटकट नको." आमच्या आळीत तीन घरांवर स्लॅब आहे. ती वादळाने उडत नाही, हे खरं. पण दिवसभर तापलेली स्लॅब रात्री उष्णता खाली सोडत राहते, आणि समुद्राच्या खाऱ्या हवेने सळ्या गंजून खालचा गिलावा ढलपे सोडतो. त्यातल्या दोन घरांनी गळतीपायी आता स्लॅबवरही पत्र्याची शेड घातली आहे. शिवाय आमच्या जुन्या चिऱ्याच्या भिंतींना ते ओझं पेललं असतं का, हा प्रश्न होताच.

नुसती कौलं परत घालावीत, असं सासूबाईंना वाटत होतं, आणि मनातून मलाही. पण आमच्याकडे वानरांचा त्रास आहे. टोळी एकदा छपरावरून धावली की पाच-दहा कौलं फुटतात, आणि हल्ली दरवर्षी पावसाच्या तोंडावर कौलं परतायला माणूस मिळत नाही.

सगळ्यात जास्त शिकवलं आमच्या सुतारकाकांनी. वादळात उडालेला पडवीचा एक पत्रा त्यांनी आगरातून ओढून आणला आणि माझ्यासमोर उभा धरला. हूक जिथे होता, तिथलं भोक कानाची पाळी फाटावी तसं लांब फाटलं होतं. "बघा वहिनी, हूक वाशातच राहिला. पत्रा त्याच्यावरनं फाटून गेला. वारा वरनं दाबत नाय, खालनं उचलतो." मग घराभोवती फिरून त्यांनी दाखवलं की कौलं कुठून आधी गेली: कडेची, कोपऱ्यावरची आणि आढ्याजवळची. मधल्या पाख्याची बरीचशी जागेवर होती. कड, कोपरा आणि आढं इथेच वाऱ्याची ओढ सर्वात जास्त असते. पडवीचं छप्पर तर जवळजवळ सपाट होतं, म्हणजे ओढ आणखी जास्त, आणि तीन बाजूंनी उघडं असल्याने खालून वारा भरायला मोकळं.

तोवर आमचा सगळा विचार वर काय घालायचं याचा चालला होता. त्या दिवसापासून तो छप्पर कशाला बांधायचं याचा सुरू झाला. जुने वासे भिंतीवर नुसते टेकवलेले होते, वजनावर बसलेले. काकांनी आधी चिऱ्याच्या भिंतींवर चारी बाजूंनी काँक्रीटचा पट्टा ओतून घेतला आणि त्यात बोल्ट सोडले. लोखंडी पाइपच्या कैच्या, म्हणजे छपराचे त्रिकोणी सांगाडे, त्या बोल्टांना आवळल्या. पैसा आणि दिवस सर्वात जास्त इथेच गेले, आणि बाहेरून बघणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

त्यावर रंगीत गॅल्व्हल्यूम पत्रा घातला. जस्ताच्या साध्या पत्र्यापेक्षा खाऱ्या हवेत हा जास्त टिकतो, कारण त्याच्या मुलाम्यात निम्म्याहून अधिक ॲल्युमिनियम असतं. मुलामा चौरस मीटरला 150 ग्रॅमचा मागून घेतला. इथे एक फसवणूक होता होता टळली. 0.5 मिमी जाडीचा पत्रा ठरला होता, पण आलेला हाताला हलका वाटला. शेजारच्या आयटीआयच्या मुलाने मायक्रोमीटर लावला तर रंगासकट 0.42 भरला. गाडी परत पाठवली, आठवडा गेला. जाडी मोजून घ्या, आणि ती रंगासकट की नुसत्या पोलादाची, हे पावतीवर लिहून घ्या.

स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारले, पन्हळीत नाही. कडेला आणि आढ्याजवळ प्रत्येक उंचवट्यावर एक. पत्रा ग्राइंडरने कापू दिला नाही. ठिणग्यांनी मुलामा जळतो आणि गंज तिथूनच धरतो.

मग पत्र्याच्या उंचवट्यांवर आडव्या रीपा, म्हणजे कौलं टेकवायच्या पट्ट्या, आणि त्यांवर मंगलोरी कौलं. जुनी धड राहिलेली कौलं धुऊन वापरली, बाकी नवी आणली. चौरस मीटरला साधारण 15 कौलं बसतात आणि एकेकाचं वजन 2 किलोच्या वर, म्हणून कैच्यांचा हिशेब आधीच त्या बेताने केला होता. कौल फुटलं तरी पाणी पत्र्याच्या पन्हळीतून वाहून जातं. उन्हाचा मारा कौलं झेलतात, मधल्या फटीतून हवा खेळते. कडेच्या आणि आढ्याजवळच्या ओळींतलं प्रत्येक कौल पाठीच्या भोकातून तांब्याच्या तारेने रीपेला बांधलं. लोखंडी तार इथे फार टिकत नाही. दोन दिवस मीच शिडीवर बसून तारा पिळल्या, बोटं सोलून निघाली.

पडवी आता वेगळी उभी आहे, तिचे खांब आणि कैच्या स्वतंत्र. उद्या ती गेली तर एकटी जाईल, घराला धरून नेणार नाही. आधी मला ते विचित्र वाटलं, अंगाला अंग लागून उभं असलेलं पण हात न धरलेलं काहीतरी.

काढलेले सिमेंटचे पत्रे फोडू नका, कापू नका. त्यांत बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसात जाते. आम्ही ते ओले करून, तोंड बांधून, अखंडच उतरवले.

एकूण खर्च नुसत्या पत्र्याच्या दुपटीच्या आसपास गेला. त्यासाठी यांनी सोसायटीचं कर्ज काढलं, ते अजून फिटतंय. पुढच्या मे महिन्यात सासूबाई दुपारी माजघरात पंखा लावून झोपायला लागल्या. उरलेली 60 कौलं आणि तारेचं एक वेटोळं मी विहिरीमागे झाकून ठेवलंय. एप्रिल संपता संपता काका येतात, स्क्रू आवळतात, पन्हळीतला पातेरा काढतात, आणि वानरांनी फोडलेली चार-दोन कौलं बदलून जातात.