शंका घ्यायची, पण ओरडायचं नाही

शनिवार, रात्रीचे साडेबारा

गेल्या आठवड्यात ‘एल. ए. नॉयर’ पुन्हा लावला. २०११ चा व्हिडिओ गेम. १९४७ चं लॉस एंजेलिस, युद्धावरून परतलेला पोलीस कोल फेल्प्स, त्याच्या खिशातली नोंदवही. एकटीनंच खेळायचं ठरवलं होतं, पण आई मेथीची जुडी घेऊन शेजारी येऊन बसली आणि उठलीच नाही.

तिला पडद्यावरचं इंग्रजी कळत नव्हतं. रक्तानं माखलेली रिकामी गाडी सापडलेली, गाडीचा मालक बेपत्ता, आणि त्याच्या बायकोला, मार्गारेट ब्लॅकला, कोल तिच्याच घरी प्रश्न विचारतोय. तिनं उत्तर दिलं आणि नजर चुकवली. आईच्या हातातली काडी तशीच राहिली. “ही सगळं सांगत नाहीये गं. पोटात काहीतरी ठेवतेय.”

मी शंकेचं बटण दाबलं. बरोबर निघालं!

मला फार बरं वाटलं. हा गेम बनवणाऱ्या सिडनीच्या ‘टीम बाँडी’ कंपनीनं नटांना खुर्चीत बसवून भोवती ३२ कॅमेरे लावले होते, ते यासाठीच. शब्द न कळणाऱ्या माणसालाही चेहरा वाचता यावा. गेम आला तेव्हा समीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं ते या चेहऱ्यांमुळे. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ट्रायबेका चित्रपट महोत्सवात त्याला जागा मिळाली, तिथे निवडला गेलेला हा पहिला व्हिडिओ गेम. खेळणाऱ्यांची एक तक्रार मात्र मला तेव्हाही पटली होती: चेहरा जिवंत, आणि मानेखालचं शरीर ताठ. काही संशयित तर खोटं बोलताना डोळे इतके फिरवतात की शंकेला जागाच उरत नाही.

लोक खरे वैतागले ते त्या शंकेच्या बटणावर. पर्याय तीनच: खरं, शंका, खोटं. खोटं म्हणायचं तर हातात पुरावा हवा. तो नाही म्हणून आपण शंका निवडतो, आणि कोल समोरच्याच्या अंगावर असा ओरडतो की आपणच दचकतो. मुळात ते पर्याय गोडीत घ्या, दमात घ्या, आरोप करा असे होते. संवाद त्या हिशोबानं रेकॉर्ड झाले आणि नावं नंतर बदलली. २०१७ च्या नव्या आवृत्तीत ते ‘चांगला पोलीस’, ‘वाईट पोलीस’ आणि ‘आरोप’ असे झाले. अर्थ जागेवर आला, पण ‘शंकेसाठी एक्स दाबा’ (एक्स म्हणजे कंट्रोलरवरचं ते बटण) हे गमतीचं चित्र जगभर फिरलं. गेम कधी न खेळलेले लोकसुद्धा ते एकमेकांना पाठवतात.

आज खुनांच्या विभागातली ‘गोल्डन बटरफ्लाय’ केस झाली. (ज्यांना खेळायचंय त्यांनी इथून पुढे वाचू नका.) डिएड्री मोलर नावाच्या बाईचा खून. संशयित दोन. एक तिचा नवरा ह्यूगो, जो आपले बूट जाळायला निघतो. दुसरा एली रूनी, लहान मुलांच्या वाटेला जाणारा नराधम. कॅप्टनला रूनीच हवा. ह्यूगोला आत टाकलं की तो झापतो आणि केसच्या शेवटी गुण म्हणून मिळणारे तारेही कमी मिळतात. प्रत्यक्षात खुनी या दोघांपैकी कुणीच नाही, ते पुष्कळ पुढे कळतं. ‘मग आम्ही इतका तपास केला कशाला?’ हा खेळणाऱ्यांचा राग मला समजतो. पहिल्यांदा खेळले तेव्हा मीही दोन दिवस गेम लावला नव्हता. आज मात्र वाटतं, या गेमनं सर्वांत प्रामाणिकपणे काही केलं असेल तर ते इथेच. शहराला गुन्हेगार हवा होता आणि खात्याला निकाल. कोलनं तो आणून दिला.

आईला दोघांचे चेहरे दाखवले आणि विचारलं, कुणाला धरू? तिनं बराच वेळ पाहिलं.

“दोघांनीही केलं नसेल तर?”

त्यासाठी बटण नव्हतं. मी रूनीला धरलं. आई काही न बोलता झोपायला गेली.