कायद्याचं कपाट फोनवर: पावसाळ्यापर्यंतची प्रगती

मंडळी, ठरल्याप्रमाणे आमच्या नाशिकच्या छोट्याशा वकिली ग्रंथालयाचा व्हॉट्सॲप ग्रुप बंद केला आणि चॅनल सुरू केलं. ग्रुपवर सकाळचे सुविचार, वाढदिवसाचे केक आणि त्यात कुठेतरी दबलेलं एखादं कामाचं जजमेंट असा मामला होता. चॅनलवर बोलणारे आपण एकटेच. शिवाय फॉलो करणाऱ्याचा नंबर बाकीच्यांना दिसत नाही, ही गोष्ट वकील मंडळींना भलतीच आवडली. कुणाला काही विचारायचं असेल तर ग्रंथालयाचा वेगळा नंबर आहे.

पण चॅनल म्हणजे नुसती दवंडी. ताजा निकाल आला हे कळायला आज ग्रंथालय लागत नाही, दुपारच्या चहापर्यंत तो चार ठिकाणांहून येऊन पडतो. खरी पंचाईत होते ती दोन-तीन महिन्यांनी, सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या कोर्टात पुकारा व्हायच्या बेतात असताना तोच निकाल हवा असतो तेव्हा. तेव्हा फोनमध्ये वर-खाली सरकवत बसायला वेळ कुणाला आहे? म्हणून आमच्याकडे निकाल आधी गूगल शीटमध्ये चढतो आणि मगच चॅनलवर जातो.

शीटचा पहिला रकाना न्यूट्रल सायटेशनचा, म्हणजे निकालाच्या ओळख-क्रमांकाचा. सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये ही पद्धत आणली आणि आमच्यासारख्यांचं अर्धं ओझं उतरलं, कारण हा क्रमांक कोर्ट स्वतः देतं, कुठल्याही प्रकाशकाचा रिपोर्टर (निकालांचा छापील संग्रह) विकत घ्यावा लागत नाही. मुंबई हायकोर्टाच्या क्रमांकात साल, मग ‘बीएचसी-एएस’ म्हणजे अपील शाखा, मग आकडा. नागपूरला ‘एनएजी’, औरंगाबादला ‘एयूजी’. नाशिकची अपिलं मुंबईला जात असल्याने आमच्या शीटमध्ये ‘एएस’चीच रांग लागलेली दिसते.

या खेपेला सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो कलमांच्या टॅगनी. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले, हे सगळ्यांना माहीत आहे. गंमत बघा: जुन्या सीआरपीसीत (फौजदारी प्रक्रिया संहितेत) ४८२ म्हणजे हायकोर्टाचे अंगभूत अधिकार, गुन्हा रद्द करून घ्यायला वकील तिथे जायचे. तिच्या जागी आलेल्या नव्या बीएनएसएसमध्ये (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत) ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन! जुनं ४३८ तिथे आलं आणि जुनं ४८२ सरकलं ५२८ वर. शीटमध्ये नुसतं ‘४८२’ शोधलं की दोन्हींची खिचडी समोर. आता कलमाचा टॅग कायद्याच्या नावाशिवाय घेतच नाही: ‘सीआरपीसी-४८२’, ‘बीएनएसएस-४८२’. शेजारच्या रकान्यात जुन्या-नव्याची जोडी. हे हातानेच भरावं लागतं, आणि कंटाळवाणं आहे. पण शोधणाऱ्याला हाच रकाना सगळ्यात जास्त लागतो.

आणखी एक रकाना मराठी शब्दांचा. निफाड-दिंडोरीकडून येणारे प्रश्न इंग्रजीत नसतात. ‘कुळकायदा, ३२ ग, किंमत ठरवणे’, ‘वहिवाटीचा रस्ता’, ‘सातबाऱ्यावरचं नाव’ असं लिहून येतं. १९४८ च्या कुळकायद्यावरचे निकाल आमच्याकडे होतेच, पण नोंदी सगळ्या इंग्रजीत. मराठी शब्द घातल्यापासून तालुक्याचे ज्युनिअर वकील स्वतःच शोधून घेतात, फोन करत नाहीत. सुप्रीम कोर्टाच्या काही निकालांचे मराठी अनुवाद मिळतात, त्यांच्या लिंकही देतो. मात्र अनुवाद समजून घेण्यापुरता, कोर्टापुढे इंग्रजी मूळच ठेवायचं, ही ओळ प्रत्येक वेळी टाकतो.

रिपोर्टरच्या पानांचे फोटो चॅनलवर टाका, अशी मागणी सारखी येते. टाकत नाही. मूळ निकाल छापायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये मोकळीक आहे, पण प्रकाशकाने तयार केलेली हेडनोट (निकालाच्या वर छापलेला सारांश) त्याची मालमत्ता. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या खटल्यात डिसेंबर २००७ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलं आहे. म्हणून आम्ही दोन-तीन ओळींचं टिपण स्वतः लिहितो आणि कोर्टाच्या साइटवरची पीडीएफ जोडतो. टिपणाखाली कुणाही वकिलाचं नाव नाही. ‘माझं नाव घाला की’ म्हणणारे भेटतात, पण बार कौन्सिलच्या नियम ३६ ची जाहिरातबंदी दाखवली की विषय मिटतो.

आता क्यूआर कोड. कल्पना अशी, की कपाटासमोर उभं राहून कोड स्कॅन केला की त्या खणातल्या विषयाची शीट उघडावी. मी कोड पुस्तकांच्या पाठीवर लावायला निघालो होतो. ग्रंथालयातले काका म्हणाले, “अहो साहेब, पुस्तक बाइंडिंगला गेलं की तुमची चिठ्ठीही गेली. खणाच्या पट्टीला लावा.” तसंच केलं. कोडमध्ये शीटचा लांबलचक पत्ता न घालता आमच्याच साइटवरचा छोटा पत्ता घातला आणि तिथून पुढे वळवलं. उद्या शीट बदलली तरी कोड तोच चालेल. छोट्या पत्त्याचा आणखी एक फायदा म्हणजे ठिपके कमी, त्यामुळे दुरुस्तीची सगळ्यात वरची पातळी घेऊनही कोड गिचमिड होत नाही. या पातळीला साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो. पावसाळ्यात सेलोटेपच्या कडा सुटून धूळ चिकटते, तेव्हा हे कामी येतं.

एआयकडून टिपणं लिहून घेण्याचा आग्रह तरुण मंडळींचा आहे. मसुद्यापुरतं चालेल. पण त्याने दिलेलं सायटेशन कोर्टाच्या साइटवर उघडून पाहिल्याशिवाय शीटमध्ये चढणार नाही. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली चॅटजीपीटीने रचलेले खटले कोर्टात सादर करणाऱ्या वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला, तो किस्सा मी सगळ्यांना ऐकवून ठेवला आहे.

पुढचं काम जुन्या महसुली परिपत्रकांचं. टंकलेखन यंत्रावरच्या फिकट मराठी प्रती आहेत आणि टेसरॅक्ट (स्कॅनमधला मजकूर वाचणारं सॉफ्टवेअर) जोडाक्षरांवर अडखळतोय. ३०० डीपीआयने पुन्हा स्कॅन करून बघतोय. कुणी यासाठी वेगळी सेटिंग वापरली असेल तर जरूर सांगा.