०.३५ मोठं की ०.५?

आज सातवीच्या वर्गात फळ्यावर एवढंच लिहिलं: ०.३५ आणि ०.५, मोठं कोण? निम्म्याहून जास्त हात ०.३५ साठी वर. कारण? "सर, पस्तीस पाचापेक्षा मोठे ना!" पूर्णांकांचा नियम दशांश चिन्हाच्या पलीकडेही तसाच लावलेला. चूक खरी, पण बिनडोक नाही.

पहिल्या बाकावरच्या एकाने मानही वर न करता ०.५ चं ०.५० केलं नि मोकळा झाला. "शून्य का जोडलंस?" विचारलं तर गप्प. मग म्हणे, असंच करायचं असतं.

आणि जी आठाचा पाढा अजून बोटांवर मोजते (छप्पन्नला पोचेपर्यंत तास संपायची वेळ), ती मागून म्हणाली, "पाच दशांश म्हणजे अर्धं. पस्तीस शतांश अर्ध्यापर्यंत पोचतच नाहीत."

आता यातलं हुशार कोण? चाचणीत त्याला पैकीच्या पैकी, हिचे गुण पाढ्यातच जातात. गेल्या महिन्यात मीच तिला 'कच्च्या' गटात बसवलं होतं. माझ्याच हाताने यादी केली होती.

शंभर चौकटींचा कागद आखून ठेवलाय. उद्या रंगवणार ती, आणि शून्याचं कारण शोधणार पहिला बाक.