इथून वाजव

रविवार, रात्रीचे अकरा

छकुलीनं नुसतं बोट ठेवलं. दुसऱ्या ओळीच्या मधोमध, एका बारवर, म्हणजे दोन उभ्या रेघांमधल्या तुकड्यावर. "आत्या, आता इथून वाजव." आणि मला येईना.

दीड महिना झाला, गिटार घेतली की तो कागद रोज समोर असतो, पाच आडव्या रेघांवर सूर लिहायच्या पाश्चात्य स्वरलिपीतला. सोळा बारची साधी धून. वरून सुरू केली की शेवटपर्यंत कुठंही अडखळत नाही. दुपारी वहिनीला वाजवून दाखवली तेव्हा डोळे कागदावरच होते आणि मनात म्हटलं होतं, आलं की आता वाचायला. मग या सहा वर्षांच्या पोरीनं बोट ठेवलं आणि माझा हात तारांवर तसाच राहिला. पहिल्यापासून मनात गुणगुणत तिथवर यावं लागलं, तेव्हा कुठं तो सूर सापडला. "तू तर पाठ केलंस," ती म्हणाली. तक्रार नव्हती तिची. दिसलं ते बोलली.

तेव्हापासून कशातच लक्ष नाही. दोन भाकरी करपल्या.

गिटार घेतली 2016 मध्ये, मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी यायचं त्या उन्हाळ्यात. त्या उन्हाळ्याचं बाकी काही लिहायचं नाही. कॉर्ड शिकले, टॅब शिकले. टॅबच्या सहा रेघा म्हणजे सहा तारा आणि आकडा म्हणजे फ्रेट, तार दाबायचा दांडीवरचा कप्पा. बोट कुठं ठेवायचं ते कळायचं, सूर कोणता हे विचारायची वेळच आली नाही. या पाच रेघा सूर सांगतात, जागा सांगत नाहीत. दोन रेघांमधल्या सगळ्यात वरच्या घरातला ई हा सूर पहिल्या मोकळ्या तारेवर आहे, दुसरीच्या पाचव्या फ्रेटवर आहे, तिसरीच्या नवव्या आणि चौथीच्या चौदाव्यावरही आहे. अण्णांच्या पेटीवर एका सुराला एक पट्टी. 'काळी चार' म्हटलं की बोट तिथंच जायचं.

पण जागा सापडत नाही हे खरं कारण नाही. तेवढं तर मी शिकलेय.

खरं कारण माझा कान आहे. कागदाच्या सुरुवातीला एफवर एकच शार्प, सूर अर्ध्यानं चढवायची खूण, आहे, म्हणजे जी हा सा. तो शार्प एफ कानाला आपला शुद्ध नी लागतो, हे कळलं त्या दिवशी केवढा आनंद झाला होता! आपल्याकडच्या भातखंडे स्वरलिपीत सा कुठल्याही पट्टीत धरा, कागदावर सा म्हणजे सा. इथं सा कुणी लिहून देत नाही, आपणच ओळखायचा. एकदा ओळखला की चार सुरांतच मला चाल कळते, कान पुढं निघून जातो आणि डोळे नुसते कागदावर राहतात. म्हणजे दीड महिना मी वाचलंच नाही. बेचाळीस वर्षांच्या बाईला एवढंही येऊ नये? लहानपणी कुणीतरी या पाच रेघा दाखवल्या असत्या तर... जाऊ दे.

भांडी घासताना आजी आठवली. पोथी मांडीवर घेऊन बसायची, ओळीखालून बोट सरकवत. आम्हाला वाटायचं वाचतेय. एकदा दादानं मुद्दाम दोन पानं एकदम उलटली, तरी तिचं म्हणणं न तुटता पुढं चालू. आम्ही खूप हसलो होतो. आज छकुली हसलीसुद्धा नाही.

मग गावात प्रौढ शिक्षणाचा वर्ग निघाला आणि आजी जायला लागली. त्यानंतर तिचा पाठ बिघडला. सरसर म्हणणारी बाई एकेका जोडाक्षराशी थांबायला लागली. "हे काय लिवलंय गं?" माय वैतागायची, "आत्याबाई, पाठ हाय की तुम्हाला, म्हणा की सरळ." आजी बोट तिथंच ठेवून म्हणायची, "म्हणतच आले की इतकी वर्सं. आता काय लिवलंय ते बघायले."

हे वाक्य इतकी वर्षं कुठं होतं कुणास ठाऊक.

मघाशी सगळे झोपल्यावर गिटार घेतली. पुठ्ठ्यानं बाकीचा कागद झाकला आणि शेवटून सुरू केलं. सोळावा बार, मग पंधरावा, मग चौदावा. अशी उलटी वाजवली की धून उरत नाही, कानाला पुढं जायला वाट मिळत नाही. पंधराव्याला मिनिटभर लागलं. चौदाव्यात अडकले. खालून रेघा मोजल्या. ई, जी, बी. मधली रेघ, म्हणजे दुसरी तार, मोकळीच. नऊ वर्षांहून जास्त झाली, ही तार रोज सुरात लावते, पण ती कागदावर कुठं राहते हे आज पहिल्यांदा बघितलं.

अकराव्या बारपर्यंत आले. फार हळू, आणि दोनदा चुकून.

छकुली उद्या दुपारच्या गाडीनं परभणीला जाणार. जायच्या आधी तिला परत बोट ठेवायला सांगणार आहे. कुठंही ठेव म्हणणार.