हिरवं उजव्या हाताला: टाइप-९ हातानं उतरवण्याचा सराव

एलिट डेंजरस या अवकाशयानांच्या व्हिडिओ गेममध्ये मी माझ्या जहाजातला डॉकिंग कॉम्प्युटर, म्हणजे स्टेशनात जहाज आपोआप उतरवणारं यंत्र, काढून टाकला, त्याला आज सव्वीस दिवस झाले. त्याच्या जागी दोन टनांचा छोटा कार्गो रॅक बसवलाय. वहीत आतापर्यंत ६१ लँडिंगची नोंद आहे, सगळी हातानं आणि सगळी टाइप-९ हेवी या अवजड मालवाहू जहाजावर. एलिट डेंजरस खेळणाऱ्यांना हे जहाज सांगायला नको. वळायला आळशी, थांबायला त्याहून आळशी, आणि मेलस्लॉटमधून (स्टेशनाच्या अरुंद दारातून) जाताना दोन्ही बाजूंना जीव मुठीत.

सराव का सुरू केला ते आधी सांगतो. एप्रिलच्या शेवटी एका कोरिओलिस, म्हणजे स्वतःभोवती फिरणाऱ्या, स्टेशनातून माल भरून निघालो होतो. रात्रीचे साडेबारा, ओपन मोड, म्हणजे आजूबाजूला इतर खेळाडूही. स्लॉटमध्ये वेग सेकंदाला १४० मीटरच्या आसपास आणि जहाज डाव्या अंगाला. समोरून दुसऱ्या एका खेळाडूचं कोब्रा मार्क थ्री हे लहान जहाज आत येत होतं, त्याच्या उजव्या बाजूनं, म्हणजे अगदी बरोबर. माझी डावी तीच त्याची उजवी. धडक बसली, त्याच्या शील्ड्स आधीच उतरलेल्या होत्या, जहाज फुटलं. माझ्यावर खुनाचा बाउंटी (डोक्यावरचं इनाम) लागला आणि स्टेशनच्या तोफांनी मलाही संपवलं. माझं नुकसान रिबायचं, म्हणजे जहाज परत मिळवायला त्याच्या किमतीच्या पाच टक्के, ते दोन-चार फेऱ्यांत भरून निघालं. त्याचं निघालं नाही. तो दोन महिने लांब फिरून परतत होता आणि एक्सप्लोरेशनचा डेटा, म्हणजे वाटेत शोधलेल्या ग्रह-ताऱ्यांची माहिती, अजून विकलेला नव्हता. जहाज गेलं की तो डेटा जातो. त्यानं चॅटवर एवढंच विचारलं, "डावीकडून का आलास?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर दुसऱ्या दिवशी सापडलं, नागपुरात वर्धा रोडवर स्कूटर चालवताना. वयाच्या अठराव्या वर्षापासून हा हात डावीकडून चालतोय. सीताबर्डीच्या गर्दीत, व्हेरायटी चौकात, कुठंही समोरून काही आलं की अंग आपोआप डावीकडे सरकतं. विचार करायला वेळच लागत नाही. जॉयस्टिकवरही नेमकं तेच होत होतं. मोकळ्यात मी व्यवस्थित उजवीकडे असायचो आणि समोर जहाज दिसलं की मनगट डावीकडे वळायचं.

स्टेशनाचा नियम रस्त्याचा नाही, बंदराचा आहे. जहाजांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत (१९७२ चे, सगळे त्यांना कोलरेग्ज म्हणतात) अरुंद जलमार्गात प्रत्येकानं आपल्या उजव्या काठाला धरून चालायचं, असं सांगितलंय. दिवेही तिथलेच: जहाजाच्या आणि विमानाच्याही डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा. मेलस्लॉटच्या कडेला लाल-हिरवे दिवे असतात. आत जाताना हिरवं उजवीकडे हवं, बाहेर पडतानाही हिरवं उजवीकडेच. हे कळल्यावर मी "उजवीकडून चाल" असं स्वतःला बजावणं सोडून दिलं. डोक्यात डावं-उजवं आलं की रस्ता आठवतो. आता एकच वाक्य म्हणतो: हिरव्याला चिकटून. रंगाला सवय नसते, त्यामुळे हात ऐकतो.

लँडिंग १ ते २०: नऊ वेळा डावीकडे सरकलो. दोनदा कडेला घासलो. वेग मात्र सगळ्या वेळी शंभराच्या आत. स्टेशनाजवळ १०० मीटर प्रति सेकंद ही हद्द आहे. तिच्यावर असताना धडक झाली तर गुन्हा तुमच्या नावावर. आपण तिला दंडाचा आकडा समजतो. खरी गोष्ट अशी की टाइप-९ साठी शंभरही जास्तच आहेत. मी आता स्लॉटमध्ये ६० वर शिरतो. मागून कुणाला घाई असेल तर तो थांबेल.

लँडिंग २१ ते ४०: डावीकडे तीनदा. इथं मी एक गोष्ट इस्रोकडून घेतली. स्पेडेक्सची दोन यानं १६ जानेवारी २०२५ ला अवकाशात जोडली गेली, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. पण त्याआधी १२ तारखेला ती पंधरा मीटरवर आणली, मग तीन मीटरवर आणली, आणि तिथून पुन्हा मागे घेतली. जोडणी न करता परत. प्रत्येकी सुमारे २२० किलोची यानं, आणि तरीही ही सबुरी. मग मी स्वतःपुरता एक थांबा ठरवला: स्लॉटसमोर दोन किलोमीटरवर वेग शून्य. तिथं तीन गोष्टी बघायच्या. हिरवं कुठल्या बाजूला आहे, स्टेशनाच्या फिरण्याशी माझं जहाज जुळलंय का, आणि आतून कुणी बाहेर येतंय का. तिन्हींपैकी एकही शंका असेल तर मागे. या वीसांत पाच वेळा मागे आलो आणि पाचही वेळा वहीत बरोबरची खूण केली.

आतला नकाशाही पाठ झाला. हिरवं उजवीकडे ठेवून शिरलात की १ नंबरचं पॅड (उतरायची जागा) बरोबर सहाच्या काट्यावर. तिथून आकडे घड्याळाच्या दिशेनं वाढत जातात आणि पूर्ण चक्कर मारून ४५ ला संपतात. नंबर ऐकताच मान कुठं वळवायची ते कळतं, आणि स्लॉटच्या आतल्या तोंडाशी थबकून मागच्याची वाट अडवायची वेळ येत नाही. अनोळखी स्टेशनात हा सगळ्यात मोठा शिष्टाचार, माझ्या मते.

"आतून कुणी येतंय का" ही तिसरी गोष्ट माझ्या मावसभावाची. तो कळमना मार्केटमध्ये अडत्याकडे कामाला आहे. संत्र्याच्या हंगामात पहाटे तिथं गाड्यांची रांग असते. सुट्टीच्या दिवशी घरी आला होता, कूलरसमोर बसून माझं बघत होता. मी स्लॉटसमोर पोचलो, आतून एक अॅनाकोंडा, मोठं जहाज, निघत होती, आणि मी पुढे सरकलो. तो लगेच म्हणाला, "काऊन बे, आतला बाहेर निघाल्याशिवाय तू घुसून कुठं राहिला? पयले त्याला निघू दे ना. जागा त्याच्याच निघण्यानं होते."

गेमच्या नियमांत हे कुठं लिहिलेलं नाही. पण यार्डात जो नियम आहे तोच इथं चालतो, आणि त्याचं कारणही तेच आहे. बाहेर पडणाऱ्याला आत परत वळायला जागा नसते. माझ्यामागे मात्र आख्खं आकाश मोकळं असतं. लँडिंग ४१ पासून मी प्रत्येक वेळी आतल्याला आधी सोडलंय. सरासरी अर्धा मिनिट जातो.

मग मावसभावानंच विचारलं, "तुला जागा कधी मिळते?" साडेसात किलोमीटरच्या आत आलो की परवानगी मागता येते आणि पॅड दहा मिनिटं राखून ठेवतात, असं सांगितलं. तो म्हणाला, मग कामाशिवाय नंबर लावू नको, मागचा ताटकळतो. हे मला आधी सुचलंच नव्हतं. पोचल्या पोचल्या परवानगी मागून मग स्टेशनाभोवती चक्कर मारायची माझी सवय होती, फोटो काढायला. आता फोटो आधी, परवानगी नंतर. आउटपोस्टवर, म्हणजे छोट्या स्टेशनांवर, तर याची किंमत जास्त, तिथं मधल्या आकाराची पॅडं मोजकीच. टाइप-९ तिथं उतरतच नाही, मोठं पॅड नसतं. म्हणून तिकडे मी पायथन हे मधल्या आकाराचं जहाज घेऊन जातो आणि माल उतरला की लगेच निघतो. बाजारभाव बघत पॅडवर बसून राहायचं नाही.

लँडिंग ४१ ते ६१: डावीकडे एकदा, ५२ व्या वेळी. समोरून अचानक इम्पीरियल कटर, एक मोठं जहाज, आली आणि मनगट जुन्या वळणावर गेलं. वेग ५८ होता म्हणून हातात आलं. थांबलो, मागे आलो, ती गेल्यावर पुन्हा शिरलो. कटरवाल्यानं जाताना सलाम टाकला.

पुढचे वीस ओपन मोडमध्येच करणार, रात्री दहा ते बारा, जेव्हा गर्दी असते. स्लॉटमध्ये समोरून कुणी येत असताना हिरव्याला चिकटून राहणं, एवढंच बघायचंय. त्या कोब्रावाल्याला फ्रेंड रिक्वेस्ट पाठवली होती, परवा स्वीकारली. तो पुन्हा लांब निघालाय. परत येईल तेव्हा स्टेशनाबाहेर येऊन थांबेन म्हटलंय, त्यानं होकार दिलाय.