पालच्या जंगलात मुलांना घेऊन जाताय? वाचून जा

यंदाच्या थंडीत भाचरांना घेऊन पालला जाऊन आलो. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यातलं, सातपुड्याच्या कुशीतलं हे गाव म्हणजे यावल अभयारण्यात शिरायचा दरवाजाच. अभयारण्य १९६९ सालचं, क्षेत्र सुमारे १७७ चौरस किलोमीटर. बिबट्या, अस्वल, तरस, सांबर, नीलगाय, सायाळ सगळे इथे आहेत. पण ताडोब्यासारखं जिप्सीत बसून वाघ बघायचं हे जंगल नाही. मुलांना ते निघतानाच सांगा. इथे प्राण्यांच्या खुणा वाचायच्या, आणि त्यात मुलं मोठ्यांपेक्षा तरबेज निघतात.

आम्ही सावदा-खिरोदामार्गे गेलो. केळीच्या बागा संपल्या की घाट सुरू होतो. वनखात्याच्या कार्यालयात रीतसर परवानगी घ्या आणि जंगल माहीत असलेला स्थानिक वाटाड्या सोबत घ्या. आमच्यासोबत पावरा समाजातले एक दादा होते. त्यांच्याशिवाय निम्म्या गोष्टी आमच्या डोळ्यांसमोरून निसटल्या असत्या.

पहिलीच खूण होती एक फोडलेलं वारूळ. दादा म्हणाले, ‘अस्वलाचं काम.’ अस्वलाच्या वरच्या जबड्यात समोरचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वाळवी ओढून घेतं. आधी फुंकर मारून माती उडवायची, मग नाकपुड्या मिटून सुर्रकन ओढायचं. हा आवाज शंभर मीटरवरूनही ऐकू येतो. पोरांनी तो आवाज काढून बघायला सुरुवात केली आणि पुढचा अर्धा तास तेच चाललं. अस्वलीण पिल्लांना पाठीवर घेऊन फिरते, हे ऐकल्यावर धाकटी म्हणाली, ‘मामा, मलापण!’ पुढे ओलसर मातीत अस्वलाचा मागचा पाय उमटला होता. अनवाणी माणसाच्या पावलासारखाच, फक्त नखांचे ठसे पुढे लांब गेलेले.

नखांवरून मुलांना एक युक्ती शिकवा. मांजरकुळातला बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, म्हणून त्याच्या पंजाच्या ठशात नखं दिसत नाहीत. कुत्रा, कोल्हा, तरस यांची दिसतात. गंमत म्हणजे तरस दिसायला कुत्र्यासारखं असलं तरी नात्याने मांजर-मुंगसांना जवळचं. ते हाडं कडाकड फोडून खातं, म्हणून त्याची विष्ठा वाळली की खडूसारखी पांढरी होते. वाटेत ती सापडली तेव्हा मुलांना किळस येईल असं वाटलं होतं, पण ती वाकून वाकून बघत होती.

नीलगायीची लेंडी एकाच जागी ढीग करून पडलेली दिसली, तर तो योगायोग नसतो. ती पुन्हा पुन्हा तिथेच येते. नावात गाय असली तरी ती कुरंगांपैकी, म्हणजे काळविटासारख्या प्राण्यांपैकी आहे, आणि चार शिंगांचा चौसिंगा तिचा जवळचा नातलग. चौसिंग्याची चारही शिंगं नराच्याच डोक्यावर. ही शिंगं जन्मभर राहतात. सांबराची मात्र दरवर्षी गळतात आणि नवी येतात. गळलेली शिंगं सायाळ कुरतडते. सायाळ काटे फेकून मारते हे आपण लहानपणापासून ऐकत आलो, पण ते खोटं आहे. ती पाठ फिरवून उलटी धावते आणि काटे समोरच्याच्या अंगात रुततात.

दुपारी अंजनाच्या सावलीत बसून मी रानपिंगळ्याची गोष्ट सांगितली. १८८४ नंतर या छोट्या घुबडाचा खात्रीलायक पत्ताच नव्हता. मायनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने संग्रहालयात जपून ठेवलेला त्याचा जुना नमुना चोरून त्यावर खोटं ठिकाण लिहून ठेवलं, त्यामुळे शोधणारेही भलतीकडे भटकले. ही चलाखी उघडी पडली आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना रानपिंगळा सापडला, तो आपल्या शहाद्याजवळ! तो दिवसा वावरतो, म्हणून मुलांनाही शोधता येण्याजोगा. आम्हाला दिसला नाही, पण प्रत्येक वाळक्या फांदीवर दुर्बीण फिरत राहिली. खान्देशातल्या प्रत्येक शाळेत ही गोष्ट सांगितली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आता कामाचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मेच्या उन्हात लहान मुलांना नेऊ नका. बूट, पूर्ण बाह्यांचे मातकट कपडे, भरपूर पाणी, दुर्बीण, वही आणि ठसे मोजायला एक पट्टी घ्या. काटा, पीस, शिंग काहीही उचलून आणू नका, अभयारण्यातून ते नेता येत नाही. फोटो काढा, वहीत चित्र काढा. दाट झुडपात मुलांना पुढे पळू देऊ नका. खाण्यात गुंगलेल्या अस्वलाला माणूस आल्याचं कळत नाही आणि दचकलं की ते अंगावर येतं. माकडांना खाऊ घालू नका. जेवण घरूनच न्या. आम्ही कळण्याची भाकरी आणि भरीत नेलं होतं. सुकी नदीवरचं गारबर्डी धरण परतीला बघता येतं, पण पाण्यात कुणी उतरू नये. अंधार पडायच्या आत घाट उतरा.